अक्काचा ‘नी’ आणि माझा डावा हात

एकसष्टाव्या वर्षापर्यंत माझ्या डाव्या हाताला एकच काम येत होतं, पेटीचा भाता हलवायचं. सगळी कलाकारी उजवा हात करायचा, वाहवा तोच घ्यायचा, आणि डावा बिचारा मागे बसून हवा भरायचा. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मी मूळचा नशिराबादचा, नोकरी जळगावात सरकारी खात्यात कारकुनाची, आणि उरलेला सगळा वेळ पेटीचा. भजन असो, हळद असो, कुणाच्या नातवाचं बारसं असो, साथीला मी ठरलेला. गाणाऱ्याच्या तोंडातून सूर निघायच्या आत तो माझ्या बोटाखाली तयार असायचा. लोक म्हणायचे, ह्यांच्या पेटीतून सूर निसटत नाही. मी वरवर ‘छे छे’ करायचो आणि घरी जाऊन बायकोला तेच वाक्य तीनदा ऐकवायचो.

ह्याच हुशारीनं घात केला.

माझी अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दिली असोद्याला, केळी-कपाशीच्या घरात. आमची आई लवकर गेली, त्यामुळे वेणीफणी सोडून माझं बाकी सगळं अक्कानंच केलं. गाणं ती कुणाकडे शिकली नाही, ती नुसती गायची. आईचं एक गाणं तिच्याकडे आलं होतं, उन्हाळ्यात बिबड्या करताना म्हणायचं. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा आणि खाटेवर वाळत घालायचा, म्हणजे बिबड्या. त्यांना कडक ऊन लागतं. म्हणून गाण्यात आधी सूर्याची विनवणी, मग कावळ्याला दटावणी आणि शेवटी ढगाला हुकूम, की जा बाबा, सातपुड्याच्या पलीकडे जाऊन पड. घरात कोणतंही कार्य असलं की हे गाणं व्हायचंच. लोक त्याला ‘मायचं गाणं’ म्हणायचे. अक्का गायची आणि मी साथ करायचो, चाळीस वर्षं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीची हळद होती. मांडव, माईक, दोन्हीकडचे पाहुणे. हळद लावून झाली आणि बायकांनी अक्काला धरून आणलं. त्या हिवाळ्यात तिला महिनाभर खोकला होता. खोकला गेला, पण जाताना छातीतला थोडा दम घेऊन गेला. हे मला माहीत होतं. तरी मी पट्टी नेहमीचीच धरली, कारण खाली घेतली तर गाण्याची सुरुवात खर्जात बुडते, आणि मुख्य म्हणजे मला सवय तीच होती.

ढगाला हाकलायची शेवटची ओळ चढत चढत वरच्या ‘सा’वर जाते. अक्का ‘नी’पर्यंत गेली आणि तिथंच दम संपला. ‘नी’ म्हणजे उंबरठ्यावरचा सूर. एक पाऊल पुढे ‘सा’, म्हणजे घर. उंबरठ्यावर थांबलं की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मी काय केलं? मी वरचा ‘सा’ दाबला, चांगला ठसठशीत. अक्कानं ओळ पुन्हा घेतली, पुन्हा ‘नी’वर थांबली. मी पुन्हा ‘सा’ दाबला आणि वर मान हलवून दाखवलंही, इथं, इथं. अक्का कुठं पोचली आणि तिनं कुठं पोचायला हवं होतं, हे माईकवरून अख्ख्या मांडवाला कळलं. मागे कुणीतरी हसलं.

अक्का उठली, पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, “तूच वाजव भाऊ. तुले सगयं येतं.” आणि पुऱ्या तळत होत्या तिकडे निघून गेली.

त्या दिवसापासून अक्का गायली नाही. भांडण म्हणाल तर काहीच नाही. भरताची वांगी पाठवायची, फोनवर माझा गुडघा विचारायची, दिवाळीला यायची. पण भाद्रपदात गल्लीतल्या मुली गुलाबाईची गाणी म्हणायला तिच्या ओट्यावर जमल्या, तर ती त्यांना खाऊ देऊन आत जायची. उन्हाळ्यात बिबड्या केल्या त्याही मुकाट. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी पटाईत आहे.

माझी बायको धुळ्याची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी रागात आणि लाडात तिची अहिराणीच बाहेर येते. ती म्हणाली, “माफी मांगाले दोन मिन्टं लागतस. जा ना असोद्याले.”

“माफी कसली?” मी भडकलो. “साथीदाराचं कामच ते. सूर दाखवला मी.”

“दखाडा ना बठ्ठास्ले,” म्हणजे सगळ्यांनाच दाखवलात ना, असं सुनावून ती कणीक मळायला बसली.

मी सहा महिने स्वतःची बाजू मांडत राहिलो. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून अंघोळ करताना मांडायचो.

मग एकदा वरणगावला गेलो, जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. पंगत बसायला वेळ होता म्हणून मागच्या गल्लीत पाय मोकळे करत होतो, तर एका घरातून पियानो ऐकू आला. कीबोर्ड नव्हे, खरा, लाकडाचा. आणि त्याच्यावर एक म्हातारा गात होता. आवाज फुटक्या डब्यासारखा. सूर कधी खाली, कधी मध्येच गायब. मला तो बोचायला हवा होता, मला जगातलं सगळं बोचतं. पण बोचलाच नाही. उलट असं वाटत होतं की हे गाणं असंच, एवढंच फाटकं असायला हवं. मी परक्याच्या ओट्यावर उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिकडे माझं पान वाढून थंड झालं.

हे नाना. वरणगावच्या फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त, माल तपासायच्या खात्यातले. त्यांचं लहानपण भुसावळला रेल्वे कॉलनीजवळ गेलेलं. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा, त्याच्या बायकोनं ह्यांना पियानो शिकवला. ते कुटुंब परदेशी गेलं तेव्हा पियानो ह्यांच्याकडेच राहिला. बाईंना जॅझचा नाद होता, म्हणून नानांनाही जॅझचाच. केळीच्या बागा आणि फॅक्टरीचा भोंगा ह्यांच्या मधोमध हा माणूस पन्नास वर्षं जॅझ वाजवत होता आणि शेजाऱ्यांना वाटायचं, फोरमन पियानो दुरुस्त करतोय.

“नाना, तुमचा सूर लागत नाही, तरी ऐकायला बरं कसं वाटतं?” मी पहिल्याच भेटीत विचारलं. माझी जीभ अशीच आहे.

नाना मनापासून हसले. “आवाज माझा फाटेल आहे, म्हाईत आहे मले. पन मी त्याच्या मांगे नही लागत. त्याले बसाले जागा करून देतो.”

साखरपुड्याहून परत येताना एसटीत माझ्या डोक्यात तेवढंच वाक्य फिरत होतं. अक्काच्या ‘नी’ला बसायला जागा करून देता आली, तर ती पुन्हा गाईल. माझं ठरलं, हे शिकायचं. माफी मागण्यापेक्षा पियानो शिकणं मला सोपं वाटलं, ह्यावरून माझा स्वभाव ओळखा.

दर बुधवारी आणि शनिवारी मी वरणगावला जाऊ लागलो. नानांची शिकवण्याची पद्धत फॅक्टरीतली. प्रत्येक कॉर्डचं, म्हणजे एकदम दाबायच्या तीन-चार सुरांच्या जुडग्याचं, एक कार्ड, त्यावर तारीख आणि दोन रकाने, पास आणि रिजेक्ट. मी चार बोटं ठेवायची, नाना डोळे मिटून ऐकायचे, आणि एक सूर जरी दुसऱ्यापेक्षा जड पडला तरी अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं ओरडायचे, “रिजेक्ट!” पहिल्या महिन्यात माझ्या सगळ्या कार्डांवर एकच रकाना भरला. नातवंडांचा आजोबा म्हणून मला जी किंमत होती, ती वरणगावच्या स्टँडवर उतरताच संपायची.

मुख्य अडचण डाव्या हाताची. तो पट्ट्यांवर ठेवला की दोन मिनिटांत आपोआप मागेपुढे हलायला लागायचा. पियानोला भाता नसतो हे मला कळत होतं, त्याला कळत नव्हतं. हवा भरली नाही तर सूर मरेल, ही त्याची चाळीस वर्षांची खात्री. नानांनी बरंच सोसलं, मग आत जाऊन एक पिकलेलं केळं आणलं, पियानोच्या पुढच्या लाकडावर ठेवलं आणि माझं मनगट त्याच्यावर टेकवलं.

“हात हालला की केयं दबलं,” ते म्हणाले. “केयं दबलं की रिजेक्ट.”

घरी सरावासाठी मी एक कीबोर्ड घेतला आणि रोज एक केळं. बायको सकाळी बघायची आणि कपाळावर हात मारायची. “हाई काय शे? बठ्ठा केळा चेंदी टाकात!” मग त्या चेंदलेल्या केळ्यांचं शिकरण व्हायचं. दीड महिना आमच्या घरी पोळीबरोबर दुसरं काही नव्हतं. शिकरण कमी कमी होत गेलं, तशी माझी प्रगती तिला कळत गेली. शेवटी एका बुधवारी केळं जसंच्या तसं राहिलं, तेव्हा नानांनी ते सोलून अर्धं मला दिलं आणि पहिल्यांदा ‘पास’ लिहिलं.

त्यानंतर खरं शिक्षण सुरू झालं. नाना म्हणाले, “दोन-पाच-एक वाजव.” मी पेटीवाला. आमच्यात पट्ट्यांना नंबर असतात, पांढरी एक, काळी दोन. मी पांढरी दोन, पांढरी पाच आणि पांढरी एक अशा तीन पट्ट्या एकामागून एक दाबून नानांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. नानांनी चष्मा काढून पुसला. मग समजावलं, की सप्तकातल्या दुसऱ्या सुरावर एक कॉर्ड उभा करायचा, रे-म-ध-सा. पाचव्यावर एक, प-नी-रे-म. आणि पहिल्यावर एक, सा-ग-प-नी. अवघं जॅझ, नानांच्या म्हणण्याप्रमाणे, ह्या तिघांच्या येण्याजाण्यावर चालतं.

मी सावकाश वाजवलं. पहिल्या कॉर्डमधला ‘सा’ एक पाऊल उतरून ‘नी’ झाला. दुसऱ्यात तो ‘नी’ अस्वस्थ होता, कुठंतरी जायचं होतं त्याला. आणि तिसऱ्यात तोच ‘नी’ जागचा न हलता शांत झाला. त्याच्या खालचं सगळं बदललं होतं. मी हात उचलला. पुन्हा वाजवलं. पुन्हा. नाना काहीतरी बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. अक्का ज्या सुरावर थांबली होती, तो सूर इथं घरातल्या माणसासारखा मांडी घालून बसला होता. मला इतका आनंद झाला की मी फोरमनच्या पाया पडलो. ते दचकून म्हणाले, “उठ, उठ, आजून पास नही केला मी.”

आनंद आठवडाभर टिकला. पुढच्या बुधवारी नाना म्हणाले, आता ह्यातला ‘सा’ काढ.

“काढ म्हणजे?”

“वाजवू नको. ग, प, नी, रे. एवढंच.”

मी म्हणालो, नाना, ‘सा’ काढून राहिलं काय? अहो, ‘सा’वर सगळं उभं असतं. नाना म्हणाले, “तो कायले दाबतो? तो ऐकनाऱ्याच्या डोक्यात आहेच. तू दाबला की तुह्या त्या ‘नी’ले टोचतो.” खरं होतं, टोचत होता. पण मला राग आला. चाळीस वर्षं मी ज्या सुराला हात जोडून बसतो तो हा माणूस चहातल्या माशीसारखा काढून टाकायला सांगत होता. मी म्हणालो, हे संगीत नाही, ही चोरी आहे. नाना म्हणाले, रिजेक्ट. मी पिशवी उचलली आणि निघालो. पाठीमागे नानांनी शांतपणे तोच कॉर्ड ‘सा’शिवाय वाजवला. इतका गोड वाजला की मला आणखीच राग आला.

दोन आठवडे मी गेलो नाही. घरी कीबोर्डवर टॉवेल टाकून ठेवला. तिसऱ्या बुधवारी बायकोनं सकाळीच डबा भरून हातात दिला. “एस्टीनी येळ व्हयनी,” ती म्हणाली. “ननीनबाईना गळा तुमना रागथून मोठा शे.” नणंदेचा गळा माझ्या रागापेक्षा मोठा, हे ऐकून मी मुकाट चपला घातल्या. वरणगावला पोचलो तर नाना दारातच होते. कार्ड पुढे सरकवलं, त्यावर दोन आठवड्यांच्या रकान्यांत ‘गैरहजर’ असं लिहिलेलं होतं.

त्या दिवशी त्यांनी मला एक छोटीशी गोष्ट दाखवली. म-ध-सा असा साधा आनंदी कॉर्ड. त्यातला ‘ध’ नुसता कोमल केला आणि मग घरी आणलं. बस एवढंच, एक सूर अर्धं पाऊल खाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला आमची आई दिसली, खाटेवर बिबड्या घालून झाल्यावर हात पाठीवर ठेवून उभी राहायची तशी. मी लहान होतो, तिचा चेहरा मला नीट आठवतही नाही. ते उभं राहणं मात्र त्या कोमल धैवतात होतं. नानांनी ‘पास’ लिहिलं.

भाऊबीजेला अक्का आली. मी तयारीत होतो. फराळ झाल्यावर कीबोर्ड मांडला आणि मायचं गाणं सुरू केलं, डाव्या हातात नानांचे सगळे कॉर्ड, उजव्या हातात गाण्याची चाल, वर दोन-चार हरकती. मला वाटलं, आता अक्का विरघळणार. ती चकली खात ऐकत बसली. संपलं तेव्हा म्हणाली, “चांगलं वाजवतो भाऊ. पेटी बिघळली का तुही?” आणि ओवाळणीचं ताट आवरायला उठली. गायली नाही. गुणगुणलीसुद्धा नाही. मी इतका खट्टू झालो की पाटावरून उठायलाच विसरलो.

नानांना सांगितलं. त्यांनी मला तसंच पुन्हा वाजवायला लावलं आणि मध्येच थांबवलं.

“गानं बी तूच वाजवतो,” ते म्हणाले. “मंग तिनं काय कराव?”

“पण चाल नाही वाजवली तर तिला कळणार कसं?”

“तिच्या मायचं गानं आहे. तिले तू कळवतो?”

मग नानांनी माझा उजवा हात धरून चालीवरून उचलला आणि डाव्याच्या शेजारी, मधल्या सप्तकात आणून ठेवला. चाल नाही, हरकत नाही, वरचा ‘सा’ नाही. नुसते कॉर्ड, सावकाश, आणि मधे भरपूर रिकामी जागा. सांगतो, सगळ्या शिक्षणात हे सर्वांत अवघड गेलं. केळं परवडलं. चाल माझ्या बोटांच्या टोकाशी येऊन उभी राहायची, आत घ्या म्हणायची, आणि मी तिला दारातच थांबवायचो. ह्या एका कार्डावर चार महिने ‘रिजेक्ट’ होतं. पास झालं त्या दिवशी नाना म्हणाले, “आता तू कुठीच ऐकू येत नही. लय चांगलं.” आयुष्यात एवढी मोठी दाद मला मिळाली नव्हती आणि ती ऐकून मला धड आनंदही होईना.

यंदा उन्हाळा लागला आणि बायको म्हणाली, “मी असोद्याले बिबड्यास्ले जाई ऱ्हायनू. येवानं व्हई ते चला. पन पेटी घरच ऱ्हाऊ द्या.” पेटी घरीच ठेवली. कीबोर्ड घेतला. मोटारसायकलवर मी पुढे, मागे बायको, तिच्या मांडीवर आडवा कीबोर्ड. असोद्याच्या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण दोन फूट बाजूला होत होता. एकानं तर ओरडून विचारलं, कोणाचं लगन आहे?

सकाळचे सात वाजले असतील. अक्काच्या गच्चीवर शेजारच्या चार बायका जमल्या होत्या, खाटा मांडलेल्या, घाट्याचं पातेलं वाफाळतं. तिळाचा आणि लसणाचा वास जिन्यापर्यंत. आमच्याकडे गरम घाटा तेल घालून खाल्ल्याशिवाय काम सुरू होत नाही, तो आधी खाल्ला. मग केळीचे दोन रिकामे कॅरेट उलटे घालून, पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी कीबोर्ड मांडला. अक्कानं पाहिलं. कठड्यापाशी जाऊन तिनं खाली सुनेला मिठासाठी हाक मारली, लांब, मोकळी. ती हाक जिथं येऊन टेकली तो सूर मी कानात धरला, कीबोर्डचं बटण दाबून पट्टी तिथं आणली, आणि वाजवायला लागलो.

दोन, पाच, एक. सावकाश. ओल्या फडक्यावर हात पडायचे, थप थप, तो ठेका मी धरला. एक बाई म्हणाली, “भाऊ, गानं कवा सुरू व्हईन?” मी म्हणालो, हेच आहे. दुसरी म्हणाली, “हे तं नुसतं जातं अन् येतं.” सगळ्या हसल्या. मला एरवी राग आला असता. माझं लक्ष अक्काच्या हातांकडे होतं. एक खाट भरली, दुसरी अर्धी भरली. मी तेच वाजवत होतो. ऊन टाकीच्या सावलीत शिरलं, माझी पाठ तापली. बायको मला खुणेनं म्हणत होती, राहू द्या आता.

आणि अक्का गायला लागली. मान खाली, हात चालू, जणू कुणाशी काही संबंधच नाही. सूर्याची विनवणी. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. खरखरीत झाला होता, वाक्य अर्ध्यात तुटत होतं, आणि जिथं तुटत होतं तिथं माझे कॉर्ड खालून येऊन उभे राहत होते. कावळ्याला दटावलं तेव्हा बायका हसल्या, कारण समोरच्या भिंतीवर खरंच एक बसला होता. मग ढगाची ओळ आली. अक्का चढली, ध, ‘नी’, आणि दम संपला. तिथंच, उंबरठ्यावर. माझं करंगळीचं बोट वरच्या ‘सा’वर गेलं होतं, मी खोटं बोलत नाही, टेकलंही होतं. मी ते उचललं. हात पाचावरून एकावर नेले. ग, प, नी, रे. अक्काचा ‘नी’ होता तिथंच राहिला, आणि खालून घर त्याच्यापाशी आलं.

तिचा हात फडक्यावर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती ओळ तिनं पुन्हा घेतली, ह्या वेळी मुद्दाम, आणि ‘नी’वर येऊन थांबली नाही, राहिली. ढगाला जायला पुरेसा वेळ देऊन राहिली. चाळीस वर्षं मी तिच्या प्रत्येक सुरावर बोट ठेवत आलो आणि तिचा आवाज मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं. हात थांबले.

“काहून थांबला?” अक्का म्हणाली. “कडवं आहे ना आजून.”

“अक्का, मी चुकलो व्हतो,” मी म्हणालो. “हळदीच्या दिवशी. तुह्या सुरावर सा दाबला मी. सगळ्याईच्या समोर.”

शेजारणी थापायच्या थांबल्या. बायकोनं तोंडाला पदर लावला. अक्कानं पाण्यात बोटं बुडवली, घाट्याचा नवा गोळा घेतला आणि फडक्यावर ठेवला.

“दोन वर्सं वाट पाहून राह्यली मी, हे कवा म्हनतो म्हनून,” ती म्हणाली. “वाजव आता.”